क्लचवरचा पाय

मी हात उचलते. लपवण्यात अर्थ नाही, आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, पहिलं हेच सांगतील. मला ठिणगी म्हणतात, आणि ते काही मी वेल्डिंग करते म्हणून नव्हे. एका गिऱ्हाइकाने माझ्या नव्या जाळीवर पाय ठेवून "बाईमाणसाचं काम, बघू टिकतंय का" असं म्हटलं होतं. त्याचा पाय जाळीवरून खाली आला आणि पाठोपाठ तोही आला. दोन दात गेले त्याचे. जाळी अजून शाबूत आहे.

पण बाकी सगळ्यांना मिळून जेवढं मारलं नसेल, तेवढं मी वहिनीला मारलं. वर्षभर. कारण तिने माझ्या दादाला मारलं, असं मी धरून चालले होते.

आमच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. अर्ध्या शेडमध्ये मी: नळ्या, पट्ट्या, ग्राइंडर आणि माझं म्हातारं वेल्डिंग मशीन. मशीनला दोन वायरी. एकीला होल्डर, त्यातून वीज जाते. दुसरीला चिमटा, तो लोखंडाला लावायचा, म्हणजे वीज त्यातून परत येते. परतीची वाट नसेल तर ठिणगीच पडत नाही. त्या परतीच्या वायरचं टोक केव्हाच जळालं होतं, तिथे तांब्याच्या विणलेल्या पट्टीचं ठिगळ होतं. काम चालायचं.

उरलेली अर्धी शेड दादाच्या गाडीची. दादा छापखान्यात मशीनवर होता, पण जीव सगळा या गाडीत. खोक्यांतून सुटे भाग मागवले, नळ्यांचा सांगाडा मी जोडून दिला, वर फायबरची बॉडी चढवली, भंगारातल्या एका गाडीचं इंजिन रबराच्या गाद्यांवर बसवलं. तीन वर्षं चाललं होतं. आई म्हणायची, "एवढ्या वेळात नातवंडं शाळेत गेली असती." वहिनी लाजायची आणि दादा नट आवळत बसायचा.

त्याची तपासायची एक रीत होती. जे काम केलं, त्याच्यापुढे स्वतः उभं राहायचं. शिडी दुरुस्त केली की पहिला तोच चढणार. पंखा टांगला की त्याच्याच खाली गादी टाकून झोपणार. "आपल्या कामावर आपलाच भरवसा नसेल तर दुसऱ्याने का ठेवावा?" असं म्हणायचा. मला ते फार आवडायचं.

शेवटच्या आठवड्यात त्याला क्लचने पिडलं. या गाडीचा क्लच तारेवर चालतो. पेडल दाबलं की नळीतली तार ओढली जाते, तार गिअरबॉक्सवरचा दांडा ओढते, आणि इंजिन चाकांपासून सुटतं. तारेच्या टोकाला दोन नट असतात, एक तार ताणणारा आणि दुसरा त्याला जागेवर धरून ठेवणारा. पेडल दोन बोटं पोकळ जायला हवं आणि मग जोर लागायला हवा, एवढंच ते गणित. पण दादाने संध्याकाळी जुळवावं आणि दुसऱ्या दिवशी पेडल परत दगड. "आजवर लोण्यासारखं चालत होतं गं," तो डोकं खाजवायचा. मी म्हटलं, "तुझ्यासारखंच हट्टी झालंय." हसलो आम्ही.

त्या रविवारी दुपारी वहिनी सीटवर होती, पाय क्लचवर. इंजिन चालू, पहिला गिअर टाकलेला. ब्रेकचं तेल अजून भरलेलं नव्हतं आणि हँडब्रेक बसवलाच नव्हता. दादा बंपर आणि भिंत यांच्या मधल्या हातभर जागेत उभा होता, आपल्या रीतीप्रमाणे. "पाय उचलू नकोस," एवढं मी घरातून ऐकलं. मग गाडी भिंतीवर आपटल्याचा आवाज आला.

मी धावत गेले तेव्हा दादा बॉनेटवर पालथा पडला होता आणि त्याच्या तोंडातून रक्त फायबरवरून खाली वाहत होतं. इंजिन अजून घुरघुरत गाडीला पुढे रेटत होतं. चावी मी बंद केली. वहिनी दोन्ही हातांनी स्टीअरिंग धरून एकच वाक्य बोलत होती, "पाय दाबलेला आहे. माझा पाय दाबलेला आहे." आणि खरंच पाय दाबलेला होता, तेव्हा, सगळं झाल्यावर. मी तिला केसांनी ओढून बाहेर काढलं. दादा दवाखान्याच्या वाटेतच गेला.

दुसऱ्या दिवशी, राख थंड व्हायच्या आधी, मी शेडमध्ये जाऊन पेडल दाबून पाहिलं. तार अखंड होती. पेडल एवढं कडक, की माझ्यासारखीलाही जोर करावा लागला. असलं पेडल आपोआप सुटत नाही. पाय उचलला तरच सुटतं. झालं, माझा निकाल लागला. घरात जाऊन मी वहिनीच्या थोबाडीत अशी मारली, की तिच्या कानातून रक्त आलं.

त्यानंतर वर्ष कसं गेलं ते ती सांगेल तर बरं. एकदा तिने चहात साखर जास्त टाकली म्हणून मी कप भिंतीवर फोडला आणि कपाचा फुटका कान तिच्या मनगटावर ओढला. एकदा तिचं बोट दारात सापडलं आणि मी दार उघडायला वेळ लावला. पोलिसांनी अपघात म्हणून लिहिलं होतं, पण माझ्या तोंडी तिचं नाव 'खुनी' असंच होतं, आल्यागेल्यासमोर. आणि ती? "वन्सं, माझा पाय दाबलेला होता." प्रत्येक वेळी तेच, मार खाताना, भांडी घासताना. माहेरी जा म्हटलं तर म्हणायची, "असं नाव घेऊन कशी जाऊ?" मी तिला फार मारायला लागले की आई दारात येऊन थाळी बडवायची आणि ओरडायची, "पुरे!" आईच्या थाळीवर मी थांबायचे. फक्त त्याच्यावरच थांबायचे.

दादाला जाऊन वर्ष झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी गाडीवरची ताडपत्री ओढून काढली आणि ग्राइंडर घेतला. रोज काम करताना ती गाडी पाठीमागे उभी, मला सहन होईना. तुकडे करून भंगारात घालणार होते. चकती सांगाड्याला टेकली, ठिणग्या उडाल्या, आणि कोणीतरी मागून माझा हात धरला.

वहिनी. वर्षात पहिल्यांदा तिने मला हात लावला होता.

"कापू नका, वन्सं."

"बाजूला हो."

"कापलीत तर माझ्याकडे काहीच उरणार नाही. मी पाय उचलला नव्हता, हे दुसऱ्या कुणाला माहीत आहे?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी कोपराने तिच्या तोंडावर हाणलं. ओठ फाटला, पण तिने हात सोडला नाही. चकती गरगर फिरत होती आणि आम्ही दोघी तिच्याशी झोंबत होतो. चकती आधी माझ्या बाहीत गेली, मग दंडात. ग्राइंडर खाली पडून फरशीवर नाचायला लागला. मी तिची मान धरून तिला बॉनेटवर आपटलं. तिने बॉनेटवरचा पाना उचलला आणि माझ्या बरगडीत घातला, असा की माझा श्वासच बंद झाला. बाईला एवढं बळ कुठून आलं कोण जाणे. मी तिच्या पोटात गुडघा मारला, ती माझ्या खांद्याला चावली. आईची थाळी वाजायला लागली. "पुरे! पुरे गं सटव्यांनो!"

आम्ही सुटलो. ती टायरला टेकून बसली आणि रक्त थुंकली. मग म्हणाली, "तुम्ही बसा गाडीत."

"काय?"

"तुम्ही बसा. क्लचवर पाय तुमचा. मी उभी राहते ते उभे होते तिथे. तुमचा पाय तर काही माझ्यासारखा नेभळट नाही ना? मग बघू गाडी हलते का."

मला हसू आलं. म्हटलं, बरं झालं. आता हिच्या डोळ्यांदेखत दाखवते, की पाय दाबलेला असला की गाडी जागची हलत नाही. मग ही काय बोलेल?

माझ्या मशीनच्या बाजूला चार्ज करून ठेवलेली एक बॅटरी लावली, ताजं पेट्रोल घातलं. क्लच आधी जुळवायला हवा होता आणि ते एकटीचं काम नाही. एकीने पेडलवर बसायचं, दुसरीने नटावर. म्हणजे जिचा ओठ मी फोडला तिच्याशीच मला बोलावं लागलं. ती बॉनेटखाली वाकून नट फिरवत होती, दादाच्या शेजारी बसून बसून तिला सगळं पाठ झालं होतं.

"दाबा. किती पोकळ जातंय?"

"चार बोटं."

"सोडा. आता?"

"तीन."

"हळू दाबा हो, बोट आहे माझं तिथे! आता?"

"दोन. राहू दे."

तिने दुसरा नट आवळला आणि हात साडीला पुसले. माझ्या दंडातून रक्त ठिबकत होतं, सीटवर डाग पडत होता. भिंतीवर खिळ्याला एक नवी कोरी तार प्लास्टिकच्या पिशवीत लटकत होती. दादाने त्या रविवारी बदलायला आणून ठेवलेली. "जुनीच ठेवा," वहिनी म्हणाली. "त्या दिवशी जी होती तीच."

ती भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. दादा ज्या बाजूला होता त्याच बाजूला, हातभर जागेत. पाठ भिंतीला टेकलेली. मी चावी फिरवली. वर्षभर बंद पडलेलं इंजिन, ते कसलं एका झटक्यात लागतंय? स्टार्टर रडत राहिला. एकदा, दोनदा, दहादा. मी शिव्या घालत चावी पिळत होते. शेवटी इंजिन फुरफुरलं आणि लागलं. मी क्लच गाडीच्या तळाला भिडेपर्यंत दाबला आणि पहिला गिअर टाकला.

गाडी उभी राहिली. हलली नाही.

"बघ!" मी ओरडले. "बघितलंस? हलतेय का? बोल आता! खुनी!"

वहिनी भिंतीला पाठ लावून तशीच उभी होती. माझ्या डोळ्यांत बघत राहिली. मी पायावर सगळं वजन टाकलं होतं, पोटरीत गोळा येईपर्यंत. आणि त्या पायाखाली पेडल मऊ पडलं. भिजलेल्या मातीत पाय रुतावा तसं. माझा पाय खालीच होता. देवाशपथ सांगते, खालीच होता.

गाडीने उडी मारली.

मी चावी ओढली, पण इंजिन बंद होईपर्यंत बंपर तिच्या उजव्या गुडघ्यावर बसला होता. हाड मोडल्याचा आवाज मी काचेतून ऐकला. तिने किंकाळी फोडली नाही. दोन्ही हात बॉनेटवर टेकून ती ओरडली, "पाय कुठे आहे? वन्सं, तुमचा पाय कुठे आहे?"

मी खाली बघितलं. पाय तळाला भिडलेला होता. 

मग वास आला. जळक्या प्लास्टिकचा. बॉनेटच्या फटीतून धूर येत होता. मी गिअर काढला, उतरून गाडी मागे ढकलली, वहिनी भिंतीवरून घसरून खाली बसली. मी क्लचच्या तारेला हात घातला आणि तळहाताची कातडीच तिला चिकटली. तार तापून लाल व्हायची बाकी होती. नळीच्या आतलं प्लास्टिक वितळून तार वळणावर आत रुतली होती, तेवढी ती सैल पडली होती. थांबलं असतं तर प्लास्टिक परत थिजलं असतं आणि पेडल झालं असतं दगड. मागच्या वर्षी मी दाबून पाहिलं, तेव्हा होतं तसं.

क्लचची तार एवढी तापते कशाने? हे विचारायला मला कुणाकडे जावं लागलं नाही. माझा धंदाच तो. स्टार्टर फिरवायला भरमसाट वीज लागते आणि त्या विजेला परतीची वाट लागते. इंजिन रबरावर, बॉडी फायबरची. म्हणून दादाने इंजिनापासून सांगाड्यापर्यंत एक तांब्याची पट्टी बांधली होती. ती असेल तर वीज तिच्यातून परतते. नसेल तर जे लोखंड सापडेल त्यातून. इंजिनाला आणि सांगाड्याला दोन्हीकडून जोडलेली अशी एकच गोष्ट होती, क्लचची तार.

मी वाकून बघितलं. इंजिनावर बोल्टाची रिकामी जागा. सांगाड्यावर बोल्टाची रिकामी जागा, भोवती रंग न लागलेलं गोल चकचकीत लोखंड. पट्टी नव्हती.

आणि मला आठवलं.

त्याच्या मरणाच्या आठ दिवस आधी माझ्या मशीनच्या वायरचं टोक जळालं. एक फाटक त्याच दिवशी द्यायचं होतं. दुकानं बंद. दादा छापखान्यात. मी त्याच्या गाडीची पट्टी सोडवली आणि माझ्या वायरला लावली. एका दिवसापुरती. संध्याकाळी परत लावते म्हटलं. सांगायला विसरले, मग लावायला विसरले, मग तो गेला आणि मी वहिनीला मारायला लागले. बारा पावलांवर माझं मशीन होतं. वर्षभर रोज मी ती पट्टी हातात धरून काम करत होते.

खोटं कशाला बोलू, एक क्षण मनात आलं की गप्प बसावं. तार खराब होती म्हणावं. कुणाला कळणार होतं? वहिनी भिंतीशी बसली होती, गुडघा फुगत चालला होता आणि ती एकच विचारत होती, "माझा पाय दाबलेला होता ना? सांगा ना एकदा."

"होता," मी म्हणाले. "दाबलेलाच होता."

ती रडायला लागली. तशी ती दादा गेला तेव्हाही रडली नव्हती. पदर तोंडात कोंबून, गदगदा. माझ्याने बघवेना. मी मशीनपाशी गेले, पट्टी सोडवली आणि तिच्यापुढे टाकली.

"ही इंजिनाला होती. मी काढली. माझ्या कामासाठी काढली आणि परत लावली नाही. म्हणून तार जळली. दादाला मी मारलं."

तिने पट्टी उचलली. उलटीसुलटी करून बघितली. दोन्ही टोकांना पितळी कड्या. मग तिने बसल्या जागेवरून ती माझ्या तोंडावर फेकून मारली. मी पट्टी उचलून तिच्या हातात परत दिली आणि तिच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसले. तिने पट्टीचं एक टोक मुठीत धरलं आणि मारायला सुरुवात केली. गालावर, मानेवर, डोक्यात. कडी भुवईवर बसली आणि एका डोळ्याने दिसायचं बंद झालं. मी हात वर केला नाही. "वर्ष," ती म्हणत होती. "एक वर्ष. माझा कान. माझं बोट." प्रत्येक फटक्याला एक.

आई दारात उभी होती. सगळं ऐकलं होतं तिने. हातात थाळी होती. मी तिच्याकडे बघितलं. तिने थाळी वाजवली नाही.

वहिनीचा हात थकला तेव्हा ती थांबली. मी तिला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दोघींना बघून विचारलं, "कशाने झालं?" ती म्हणाली, "क्लच जुळवत होतो."

पुढे दीड महिन्याने तिचं प्लास्टर निघालं. त्या दीड महिन्यात आई माझ्याशी एक शब्द बोलली नाही. प्लास्टर निघालं त्याच दुपारी वहिनी काठी टेकत शेडमध्ये आली. "पट्टी लाव," म्हणाली. 'लावा' नाही, 'लाव'. वन्संही नाही. मी पट्टी तिच्या जागी बसवली, दोन्ही बोल्ट आवळले. दादाने आणलेली नवी तार पिशवीतून काढून घातली. ती सीटवर बसली आणि मी नटावर.

"दाब," मी म्हणाले. "किती पोकळ?"

"तीन बोटं."

"आता?"

"दोन."

मी दुसरा नट आवळला, बॉनेट लावलं आणि पाना खाली ठेवला. तिने चावी फिरवली. इंजिन तिसऱ्या झटक्याला लागलं. मी तारेला हात लावून बघितलं, थंड होती. बाजूला व्हायला निघाले तर ती काचेतून म्हणाली, "कुठे चाललीस? पुढे उभी राहा."

मी तिच्याकडे बघितलं. चेष्टा नव्हती.

मी बंपर आणि भिंत यांच्यामध्ये गेले. भिंतीवर दादाच्या वेळचा डाग होता, मी तो खरवडून काढू दिला नव्हता कुणाला. त्याला पाठ लावून उभी राहिले. तिने पेडल दाबलं आणि पहिला गिअर टाकला, कट्‌ असा आवाज मला ऐकू आला. इंजिनाची धग मांड्यांना लागत होती. मला घाम फुटला. माझ्यासारखीला. तिने फक्त पाय उचलायची खोटी होती, आणि कुणाला काही सांगायचीही गरज नव्हती. अपघात म्हणून लिहिलं गेलं असतं, आणि या वेळी तो खून असता.

ती माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे. किती वेळ, ते मी मोजलं नाही. तिचा पाय थरथरायला लागलेला मला बॉनेटमधून कळत होता, दीड महिना प्लास्टरात पडून राहिलेली बाई ती, तिचा जोर संपत आला होता. दारात आई थाळी छातीशी धरून उभी होती आणि तिने डोळे मिटून घेतले होते.

वहिनीने गिअर काढला. चावी बंद केली. मग पाय उचलला.

"नीट सुटतोय क्लच," ती म्हणाली. "उद्या ब्रेकचं तेल भर."